मोजणाराचा धर्म

परदेशांत एखाद्या निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरून लाखों माणसें रस्त्यावर उतरलीं, कीं आमच्यासारख्या भरल्या घरांत लागलींच दोन पक्ष पडतात. तरुण मंडळींना त्या गर्दींत लोकशक्तीचा साक्षात्कार होतो. वडील मंडळींना तीच गर्दी अराजकाची नांदी वाटते. पानावरचें वरण निवून जातें, पण वाद निवत नाहीं. एका गोष्टीवर मात्र उभयपक्षीं एकमत असतें : जें कांहीं ठरावयाचें तें रस्त्यावरच ठरतें. मला तसें वाटत नाहीं. तीस-पस्तीस वर्षें शिक्षकी केल्यामुळें, आणि त्या नोकरीच्या ओघांत अनेकदां मतदान-केंद्रावर सरकारी कामास बसावें लागल्यामुळें, माझी दृष्टि प्रथम जाते ती मोजणीच्या टेबलाकडे. तेथें कोण बसला होता, त्यानें काय मोजलें, आणि जें मोजलें तेंच लिहिलें कीं नाहीं, हें कळल्यावांचून रस्त्यावरची गर्दी न्यायासाठीं जमली आहे कीं नुसत्या संतापानें, हें सांगतां येत नाहीं.

या म्हणण्यास फिलिपाइन्स देशांतील १९८६ सालच्या निवडणुकीइतकें बोलकें उदाहरण दुसरें क्वचितच मिळेल. वाचकांपैकीं वडील मंडळींना ती हकीकत त्या वेळीं वर्तमानपत्रांतून वाचल्याची आठवण असेल. परंतु तेव्हां छायाचित्रांत दिसले ते रणगाडे, आणि त्यांच्या पुढें हातांत जपमाळ घेऊन गुडघे टेकलेल्या ख्रिस्ती संन्यासिनी. टेबलापाशीं बसलेल्यांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. म्हणून ती हकीकत पुन्हा एकवार, टेबलाच्या बाजूनें, सांगावी असें मनांत आहे.

फर्डिनंड मार्कोस हे त्या देशाचे अध्यक्ष म्हणून १९६५ सालीं रीतसर निवडून आले, आणि १९६९ सालीं पुन्हा निवडून आले. तिसरी पाळी घटनेप्रमाणें मिळण्यासारखी नव्हती. तेव्हां सप्टेंबर १९७२ मध्यें त्यांनीं लष्करी कायदा पुकारला, विरोधकांना तुरुंगांत घातलें आणि वर्तमानपत्रें बंद पाडलीं. जानेवारी १९८१ मध्यें तो कायदा नांवापुरता उठला. सत्ता होती तेथेंच राहिली. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी बेनिग्नो अक्विनो हे अमेरिकेंतील वास्तव्य संपवून २१ ऑगस्ट १९८३ रोजीं मायदेशीं परतले, तों मनिलाच्या विमानतळावर पाय ठेवतांच गोळी घालून त्यांचा वध झाला. त्या दिवसापासून राज्यकर्त्यांवरील लोकांचा उरलासुरला विश्वास उडाला.

पुढें नोव्हेंबर १९८५ मध्यें मार्कोस यांनीं एका अमेरिकन दूरदर्शन-कार्यक्रमांत मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली. विरोधक विखुरलेले, वेळ थोडा आणि यंत्रणा आपल्या मुठींत, असा त्यांचा हिशेब असावा. विरोधकांनीं मात्र दिवंगत अक्विनो यांच्या पत्नी कोराझोन यांस उभें केलें. पांच मुलांची ही माता कधीं कोणत्याही अधिकारपदावर बसलेली नव्हती. त्यांनीं उभें राहावें अशी विनंति करणाऱ्या दहा लाख सह्या आधीं गोळा झाल्या होत्या. मतदान ७ फेब्रुवारी १९८६ रोजीं ठरलें.

आतां त्या देशांतील मोजणीची पद्धत पाहूं. मतदार त्या काळीं कागदावर उमेदवाराचें नांव स्वहस्तें लिहीत असे. मतदान संपलें कीं त्याच केंद्रावर, सर्वांसमक्ष, एकेक मतपत्रिका उघडून नांव मोठ्यानें वाचावयाचें, आणि दुसऱ्यानें त्या नांवापुढें रेघ ओढावयाची. चार उभ्या रेघा झाल्या कीं पांचवी त्यांना छेदून आडवी. शेवटीं बेरीज, सह्या, आणि निकालपत्रकाच्या अनेक प्रती. त्यांतील एक प्रत मान्यताप्राप्त नागरिक-संस्थेस मिळत असे. आणि या टेबलावर बसणारे केंद्रप्रमुख व लेखनिक कोण, तर कायद्यानेंच नेमलेले सरकारी शाळांतील शिक्षक! वर्गांत हजेरी मांडणारा हातच तेथें देशाची हजेरी मांडीत होता.

त्या नागरिक-संस्थेचें नांव नामफ्रेल. तिचे सुमारे पांच लाख स्वयंसेवक देशभर पसरले होते. त्यांत विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, व्यापारी होते, संन्यासिनी होत्या. त्यांपैकीं कित्येकजणी हातांत हात गुंफून मतपेट्यांभोंवतीं कडें करून उभ्या राहिल्या. गैरप्रकार पुष्कळ झाले. राजधानींत लाखों मतदारांचीं नांवें यादींतून नाहींशीं झालेलीं होतीं. कांहीं ठिकाणीं पेट्या पळविल्या गेल्या. कांहीं ठिकाणीं पैसा आणि बंदूक दोन्ही चाललीं. परंतु जेथें जेथें निकालपत्रकाची खरी प्रत बाहेर पडली, तेथें तेथें ती नामफ्रेलच्या हातीं आली, आणि तिची बेरीज मनिलांतील एका विद्यालयाच्या क्रीडागृहांत उघडपणें होऊं लागली. इकडे कॉमेलेक नांवाच्या सरकारी निवडणूक आयोगाची बेरीज एका भव्य संमेलन-भवनांत संगणकांवर चालली होती. एकाच देशाचे दोन फळे झाले. एका फळ्यावर अक्विनो पुढें, दुसऱ्यावर मार्कोस पुढें.

सामान्य माणसानें कोणता फळा खरा मानावा? मार्कोस यांचे म्हणणें असें कीं, नामफ्रेल हीच पक्षपाती आहे. हा आक्षेप केवळ हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विरोधकांनीं केलेली बेरीज विरोधकांना अनुकूल निघाली, एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीं. या प्रश्नाचा उलगडा झाला तो ९ फेब्रुवारीच्या रात्रीं, आणि तो सरकारी फळ्याच्याच पायथ्याशीं झाला.

संमेलन-भवनांत संगणकावर आंकडे चढविण्याचें काम करणारे सुमारे तीस-पस्तीस कर्मचारी होते, आणि त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. यंत्रांत आपण भरतों तो आंकडा एक, आणि फळ्यावर लोकांस दाखविला जातो तो निराळा, असें त्यांच्या ध्यानांत आलें. लिंडा कापुनान या त्यांच्या पुढारी. हीं सगळीं मंडळी आपापल्या खुर्चीवरून उठलीं, जगभरच्या वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत भवनाबाहेर पडलीं, आणि बाक्लारान येथील चर्चमध्यें आश्रयास गेलीं. घोषणा नाहींत, दगड नाहीं, निशाण नाहीं. "या बेरजेस आमचा हात लागणार नाहीं" एवढाच त्या उठून जाण्याचा अर्थ होता. खऱ्या गोष्टीला बाध येऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, कापुनान यांचे पति लष्करांतील असंतुष्ट अधिकाऱ्यांपैकीं एक होते. त्यामुळें मार्कोस-पक्षानें या प्रकारास कट म्हटलें. परंतु नोकरी, पगार आणि कदाचित् जीवही पणास लावून उठलेल्या त्या साऱ्या कारकून स्त्री-पुरुषांचे पति वा भाऊ कांहीं लष्करांत नव्हते. आंकडा बदलला जात आहे हें ज्यास प्रत्यक्ष दिसतें असा साक्षीदार तोंवर कोणी पुढें आला नव्हता. तो आतां आला.

प्रामाणिकपणाची किंमत काय पडूं शकते, हेंही त्याच आठवड्यांत दिसलें. अंतीके प्रांताचे माजी राज्यपाल एव्हेलियो हावियेर हे अक्विनो यांच्या बाजूचे. प्रांताच्या मोजणीवर नजर ठेवण्यासाठीं ते सरकारी कचेरीसमोर थांबले असतां, ११ फेब्रुवारीस भरदिवसां त्यांस गोळ्या घालून ठार करण्यांत आलें.

असें असूनही राष्ट्रीय विधिमंडळानें १५ फेब्रुवारीस मार्कोस विजयी झाल्याचें जाहीर केलें. त्यांस सुमारे १ कोटि ८ लाख आणि अक्विनो यांस सुमारे ९३ लाख मतें दाखविण्यांत आलीं. नामफ्रेलची मोजणी अपुरी होती. परंतु तींत अक्विनो यांस सुमारे ७८ लाख आणि मार्कोस यांस सुमारे ७० लाख मतें होतीं. देशांतील कॅथलिक धर्माध्यक्षांनीं पत्रक काढून या निवडणुकींतील लबाडीस तोड नाहीं असें म्हटलें. अक्विनो यांनीं मनिलांत प्रचंड सभा भरवून अहिंसात्मक असहकार पुकारला, आणि राजवटीच्या मित्रांच्या बँका, वर्तमानपत्रें व माल यांवर बहिष्कार घालण्यास लोकांस सांगितलें. आमच्या वाचकांस ही भाषा अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं.

यापुढचा भाग प्रसिद्धच आहे. २२ फेब्रुवारीस संरक्षणमंत्री एन्रिले आणि सेनापति रामोस यांनीं मार्कोस यांची साथ सोडली. यांत शुद्ध सद्बुद्धि होती असें म्हणवत नाहीं. एन्रिले यांच्या गोटांतील अधिकाऱ्यांचा बंडाचा कट उघडकीस आला होता, आणि त्यांच्या डोक्यावर अटकेची तलवार लोंबत होती. पण त्या प्रसंगीं त्यांनीं एक कबुली दिली ती महत्त्वाची आहे : आपल्या स्वतःच्या कागायान भागांत मार्कोस यांच्या बाजूनें तीन लाखांहून अधिक मतांची लबाडी झाली, असें त्यांनीं जगजाहीर सांगितलें. कुंपणानें शेत खाल्ल्याचें कुंपणानेंच सांगितलें! कार्डिनल हाइमे सिन यांनीं नभोवाणीवरून हांक दिली, आणि एड्सा नांवाच्या हमरस्त्यावर दहा लाखांहून अधिक माणसें लोटलीं असा अंदाज आहे. रणगाडे आले, आणि माणसांच्या भिंतीपुढें थबकले. २५ फेब्रुवारीस कोराझोन अक्विनो यांचा शपथविधि झाला. त्याच दिवशीं मार्कोस यांनींही आपल्या प्रासादांत शपथ घेतली. आणि त्याच रात्रीं ते अमेरिकन विमानांतून देशाबाहेर गेले. १९८९ सालीं हवाई बेटांत त्यांचा अंत झाला.

आतां विचार असा करावयाचा कीं, सैनिकांनीं गोळी कां झाडली नाहीं? गर्दी मोठी होती म्हणून? गर्दीवर गोळ्या झाडणारीं सैन्यें इतिहासानें पुष्कळ पाहिलीं आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणें, त्या रणगाड्यांत बसलेल्या पोरांनाही तोंवर ठाऊक झालें होतें कीं बेरीज खोटी आहे. तीं पोरेंही कोणाच्या तरी घरचीं; त्यांच्या आया-बहिणींनीं मतें दिलेलीं, त्यांच्या गांवच्या गुरुजींनीं तीं मोजलेलीं. खोट्या बेरजेचें रक्षण करण्यासाठीं खऱ्या माणसांवर शस्त्र चालविणें त्यांच्या हातून झालें नाहीं. रस्त्यास बळ आलें तें टेबलावरून उठून गेलेल्या त्या तीस-पस्तीसांमुळें, आणि खरी प्रत जपून ठेवणाऱ्या लाखोंमुळें.

याच्या उलट चित्र बेलारूस देशाचें. तेथें ९ ऑगस्ट २०२० रोजीं अध्यक्षपदाची निवडणूक झाली, आणि १९९४ सालापासून सत्तेवर असलेले लुकाशेंको यांस शेंकडा ८० मतें पडल्याचें जाहीर झालें. पुढें कित्येक रविवार मिन्स्क शहरांतून लाखालाखांचे मोर्चे निघाले. गर्दी लहान नव्हती, धैर्य उणें नव्हतें. परंतु तेथील मतदान-केंद्रें पुष्कळशीं शाळांतच असतात, आणि मोजणी-मंडळांत शिक्षकांचा भरणा मोठा असतो. थोड्या केंद्रांवर प्रतिस्पर्धी स्वेतलाना तिखानोव्स्काया पुढें असल्याचे आंकडे दारावर लागले. इतर पुष्कळ ठिकाणीं वरून आलेल्या आंकड्यांवर सह्या झाल्या, असा लोकांचा आरोप आहे. फेरमोजणी झाली नाहीं. तिखानोव्स्काया यांस देश सोडावा लागला, हजारों माणसें तुरुंगांत गेलीं, आणि लुकाशेंको खुर्चीवर राहिले. त्या शिक्षकांच्या डोक्यावर नोकरीची टांगती तलवार होती, हें मी जाणतों, आणि दूर बसून त्यांस शिव्याशाप देण्याचा मला अधिकार नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन फळ्यावर बेरजेचें उदाहरण मांडतांना ज्याच्या सहीनें खोटी बेरीज खरी ठरली असेल त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हा विचार शिक्षकाच्या मनांतून सहजासहजीं जात नाहीं.

तरुण वाचक म्हणतील, "तर मग जनता नेहमीं खरी आणि सरकार नेहमीं खोटें, असेंच ना?" नाहीं, तसेंही नाहीं, आणि म्हणूनच तिसरें उदाहरण देतों. अमेरिकेंत नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकींत पराभूत झालेले अध्यक्ष ट्रम्प यांनीं आपला विजय चोरीस गेल्याचें सांगितलें, आणि ६ जानेवारी २०२१ रोजीं त्यांच्या अनुयायांचा जमाव संसद-भवनावर चालून गेला. त्या जमावांतील पुष्कळांस आपली बाजू सत्याची आहे असें मनापासून वाटत होतें. पण टेबल काय सांगत होतें? पन्नासाहून अधिक दावे न्यायालयांत टिकले नाहींत. जॉर्जिया राज्यांत सुमारे ५० लाख मतपत्रिका हातानें पुन्हा मोजल्या गेल्या, आणि बायडेन सुमारे बारा हजारांनीं पुढेंच राहिले. तेथील निवडणुकीचे मुख्य अधिकारी ब्रॅड रॅफेन्सपर्गर हे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. २ जानेवारी २०२१ रोजीं खुद्द अध्यक्षांनीं दूरध्वनीवरून त्यांस ११,७८० मतें शोधून काढावयास सांगितलें. तरी त्यांनीं मोजलेला आंकडा सोडला नाहीं. मनिलांतील कारकून स्त्रिया सत्ताधाऱ्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हे गृहस्थ स्वपक्षाविरुद्ध. धर्म मात्र दोघांचा एकच.

फिलिपाइन्सच्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, नाहींतर ती पोथींतल्या कथेसारखी गोड होईल. अक्विनो यांच्या कारकीर्दींत लष्करी बंडाचे अनेक प्रयत्न झाले. जानेवारी १९८७ मध्यें जमिनीसाठीं मोर्चा आणणाऱ्या शेतकऱ्यांवर मनिलांत गोळ्या झाडल्या गेल्या, आणि बाराहून अधिक माणसें मेलीं. दारिद्र्य हटलें नाहीं. आणि मे २०२२ मध्यें त्याच मार्कोस यांचे चिरंजीव ३ कोटि १० लाखांहून अधिक मतें मिळवून अध्यक्षपदीं निवडून आले. "मग एड्सावर मिळविलें काय?" असें विचारणारे पुष्कळ आहेत. या प्रश्नानें मीही कांहीं दिवस अस्वस्थ होतों. परंतु पाहा : त्या निवडणुकींतील प्रमुख प्रतिस्पर्धी लेनी रॉब्रेडो यांनीं आपल्या अनुयायांस बहुमताचा निर्णय मान्य करण्यास सांगितलें. आपल्याला नकोसा आंकडा निघाला तरी तो खरा असेल तर मान्य करणें, हा मोजणीच्या धर्माचा दुसरा आणि अधिक कठीण अर्धा भाग होय. ज्यानें खोट्या बेरजेविरुद्ध रस्ता धरला, त्यानेंच खऱ्या बेरजेपुढें घरीं परतण्याची तयारी ठेविली पाहिजे. मतदारानें शहाणें व्हावें हें काम मोजणी करूं शकत नाहीं. त्याची इच्छा, शहाणी असो वा नसो, तशीच्या तशी पोहोंचविणें एवढेंच तिच्या हातीं आहे.

आपल्याकडेही हें काम मोठ्या अंशीं शिक्षक, तलाठी, बँकांतील व कचेऱ्यांतील कारकून हेंच करतात. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष झालेल्या मतांचा हिशेब ठराविक नमुन्यांत लिहितो, आणि त्याची प्रत हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींस देतो. मतपत्रिकांच्या काळीं एका आडवळणी केंद्रावर आमच्या हिशेबांत एक मतपत्रिका कमी भरत होती. बाहेर मोटार उभी. पोटांत सकाळच्या पोह्यांखेरीज कांहीं नाहीं. "एका कागदानें काय बिघडतें, मास्तर? लिहून टाका," असें एकजण म्हणाला. आमच्यांतील एक तरुण शिक्षिका कांहीं न बोलतां पुन्हा पहिल्या पानापासून मोजूं लागली. तासाभरानें एकमेकांस चिकटलेलीं दोन पानें सांपडलीं आणि हिशेब जुळला. कोणत्याही उमेदवाराचें त्यांत कांहीं बिघडलें वा सुधारलें नाहीं. पण तो एक कागद "लिहून टाकण्याची" संवय जेथें लागते, तेथेंच पुढें लाखांची बेरीज लिहून टाकणारा हात तयार होतो.

म्हणून घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. आपला मुलगा, सून वा मुलगी अशा कामावर निघाली, म्हणजे त्यास आपण "सरकारी वेठ" म्हणतों, आणि "कसेंतरी उरकून लवकर घरीं ये" असें सांगतों. तसें सांगूं नये. डबा दोन वेळचा बांधून द्यावा, आणि उशीर झाला तरी चालेल, पण बेरीज दोनदां ताडून मगच सही कर, असें उंबऱ्यापाशीं सांगावें.